रविनाच्या नावानं मानलेली कोंबडी

मी काळी कोंबडी बोलतेय. आधीच सांगते, मला हळू बोलता येत नाही. अंडं घातलं की मी सगळ्या पाड्याला ओरडून सांगते. मग अंगणात पाहुणे बसलेले असोत नाहीतर पोलीस पाटील. माणसांचं तसं नाही. त्यांना शिंक आली तरी ती आधी इकडंतिकडं बघतात. त्यात बाई असेल तर अर्धी दुखणी ती दात आवळूनच काढते.

सायवनच्या पुढे डोंगराला टेकून आमचा पाडा आहे. तिथं एका थंडीत मी अंड्यातून बाहेर आले. आम्ही अकरा भावंडं होतो. घारीनं चार नेली, मुंगसानं पाच. उरलो दोघं, त्यातला भाऊ होळीला गेला. म्हणजे होळी बघायला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी चोचीपासून नखापर्यंत काळी. लोक म्हणायचे, काय सुंदर आहे! पण म्हणताना त्यांची नजर वेगळीच असायची. काळी कोंबडी देवाला लागते. पांढरी असते तर मला फक्त पाहुण्यांची भीती असती.

माझा मालक शुक्रा. भात आणि नाचणीपुरती त्याची जमीन. शेतीचं काम संपलं की तो खाली चिंचणीला बोटीवर मजुरीला जायचा आणि येताना अंगाला सुक्या बोंबलाचा वास घेऊन यायचा. त्याची बायको पुतळी. आणि त्यांची थोरली रविना, सोळा वर्षांची, आश्रमशाळेत नववीला.

ती शाळेत असायची, त्यामुळे आमची फारशी ओळख नव्हती. मार्च महिन्यात एका दुपारी ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन घरी आली. म्हणाली, "साथ आलीय. पंधरा दिवस सुट्टी."

असे लांबलेले पंधरा दिवस मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

सुरुवातीला ती खूश होती. मला दाणे टाकताना शाळेच्या गोष्टी सांगायची. दर सोमवारी मॅडम मुलींच्या हातावर लोहाची निळी गोळी ठेवायच्या आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. पाळीसाठी पॅड मिळायचे. गुरुवारी सरकारी दवाखान्यात एक खोली फक्त पोरींसाठी उघडी असायची. आत एक ताई बसायची. दार लावून घ्यायची आणि म्हणायची, काय विचारायचं ते विचार. रविना एकदा गेली होती आणि घाबरून काहीच न विचारता परत आली होती. "पुढच्या वेळी विचारणार होते," असं ती मला म्हणाली. पुढची वेळ आलीच नाही, साथीत त्या खोलीला कुलूप लागलं. आत म्हणे डॉक्टरांच्या पांढऱ्या पोशाखांचे खोके छतापर्यंत रचले होते.

पाड्यावर येणारं एकच सरकारी माणूस म्हणजे आशाताई जयश्री. पूर्वी ती यायची तेव्हा बाळंतिणींची चौकशी करायची, पोरींना गोळ्या द्यायची. आता ती कपाळावर पिस्तूल रोखायची. माणसांचा ताप बघायचं यंत्र होतं ते. गडबडीत तिनं एकदा माझ्यावरही रोखलं. आमचं अंग माणसांपेक्षा तापलेलंच असतं. तो आकडा वरती कळवला असता तर पाडा महिनाभर बंद झाला असता. बिचारीला रोज संध्याकाळी फोन यायचा, किती तापाचे, किती खोकल्याचे, बाहेरून किती आले? पोरींच्या गोळ्यांचं कोणी विचारायचं नाही. त्या येतच नव्हत्या.

आता माझा त्यातला भाग सांगते.

आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. माझ्या खुराड्यात, मागच्या कोपऱ्यात, कोणीतरी कापडं आणून दडवायला लागलं. जुन्या लुगड्याचे तुकडे, धुतलेले पण ओले. उन्हात वाळत घातले तर बापाला दिसतील, शेजाऱ्याला दिसतील, म्हणून ते माझ्या घरात. मला कोणी विचारलं नाही. पण जागा मऊ होती. मी तिथं अंडं घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. तिसऱ्या दिवशी पुतळी अंडी शोधत हात घालायला आली, आणि तिच्या हातात अंड्याबरोबर ती कापडं आली. नऊ-दहा तरी असतील. डाग नीट गेलेले नव्हते.

पुतळी तिथंच उकिडवी बसली. मग तिनं हाक मारली.

"रविना, हे कधीपासून?"

रविना माझ्याकडे अशी बघत होती, जशी मीच चहाडी केली. तसं बघायला गेलं तर मीच केली होती.

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा? अगं, पाच दिवसांत थांबते ती!"

"थांबत नाय, आये."

"आणि त्याच्या आधी?"

"तीन महिने आलीच नव्हती."

नेमकी त्याच वेळी कुंपणापलीकडे बुधीबाई शेवग्याचा पाला तोडत होती. बुधीबाई शुक्राची लांबची चुलती. तिचे कान माझ्या डोळ्यांपेक्षा तीक्ष्ण. ती म्हणाली, "तीन महिने नाय आणि आता एकदम एवढी? पोर शाळेत होती ना, वसतिगृहात?"

एवढंच बोलली. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्याला कळलं की शुक्राच्या पोरीला दिवस गेले होते आणि आता ते पडलं. साथीला आमच्या पाड्यावर पोचायला चार महिने लागले. या गोष्टीला एक दुपार पुरली. दोन मीटर अंतर ठेवूनही.

रविनानं बोलणं सोडलं. रोप लावायला शेतात जायची, वाकायची, उठताना बांधाला धरायची. एके दिवशी चिखलात बसली ती उठेच ना. शुक्रानं तिला खांद्यावर टाकून घरी आणलं. बाप लोकांना या विषयावर बोलायची पद्धत नसते. तो अंगणात बसून कोयत्याला धार लावत राहिला. त्या कोयत्याला धार आधीच होती. मला ते बघून कसंतरी झालं, पण ते माझ्या व्यक्तिगत कारणानं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. रस्त्यापर्यंत चालत, पुढं कोणाच्या तरी गाडीवरून. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही, मला पाटी वाचता येत नाही. परत आल्यावर पुतळी जे सांगत होती ते मी ऐकलं.

गेटवर वॉचमन होता. त्यानं कपाळाला यंत्र लावलं.

"ताप?"

"नाय."

"खोकला?"

"नाय."

"मग काय होतंय?"

पुतळीनं मागं बघितलं. पंधरा-वीस बाप्ये रांगेत उभे होते. ती खाली मान घालून म्हणाली, "हिच्या पोटात दुखतं."

"पोटाचं बंद आहे. सध्या फक्त कोविड. ताप आला की या."

ताप आला की या! पाच वर्षं झाली, मला अजून हे वाक्य आठवलं की खुराड्यात एकटीला हसू येतं. पुढं लगेच हसू जातं.

त्या माघारी आल्या. बुधीबाई आपणहून आली. आता तिला जरा वाईट वाटत असावं, कारण पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते. ती म्हणाली, "लडक्याकडे जा. काळी कोंबडी मान आणि जा."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

लडक्या म्हणजे आमच्या भागातला भगत. पलीकडच्या टेकडीवर राहायचा. सकाळी शुक्रानं मला पाय बांधून टोपलीत घातलं आणि रविनाला पाठीवर घेतलं. पुतळीच्या हातात नारळ. मी टोपलीतून शेवटचं जग बघून घेत होते. हिरवंगार होतं, त्यामुळे जास्तच राग येत होता. खरं सांगते, मला रविनाचीही काळजी होती. पण त्या दिवशी आधी माझी होती. मी संत नाही.

लडक्या ओटीवर बसला होता. मास्क हनुवटीखाली. त्यानं सुपात तांदूळ घेतले, बोटांनी फिरवले, दाणे मोजले. मग सूप बाजूला ठेवून रविनाचा हात घेतला. नख दाबलं. सोडलं. नख पांढरंच राहिलं. त्यानं तिच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघितली. आतून कोंबडीच्या मांसासारखी फिकी. उपमा माझी नाही, त्याची आहे.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"एकवीस," रविना स्वतः म्हणाली.

"दवाखान्यात नाय नेली?"

"परत पाठवलं," पुतळी म्हणाली. "तुम्ही काय ते करा, बाबा. कोंबडी आणलीय."

लडक्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "माझी सून अशीच पांढरी पडली होती. बाळंतपणानंतर. मी दोन दिवस तांदूळ बघत बसलो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तर डॉक्टर म्हणाला, काल आणायची." त्यानं सूप आणखी लांब सरकवलं. "माझ्या तांदळात रक्त भरायची ताकद नाय, शुक्रा. देवाचं मी बघतो. देव काय पळून जात नाय. ही चालली."

मग तो म्हातारा माणूस मोबाइल घेऊन टेकडीच्या टोकावरच्या दगडावर चढला, कारण रेंज तिथंच यायची, आणि जयश्रीला फोन करून असा ओरडला की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं.

जयश्री तासाभरात धापा टाकत आली. रविनाला बघून ती आधी पुतळीवर चिडली. "मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? लोक काय काय बोलतात."

"लोकांना नव्हतं सांगायचं. मला सांगायचं होतं!" मग ती खाली बसली आणि स्वतःवर चिडली. "चार महिने झाले, मी या दारावरून जाते. ताप विचारते आणि पुढं जाते."

अँब्युलन्सला फोन लावला. सगळ्या कोविडच्या पेशंटना घेऊन गेल्या होत्या. शेवटी लडक्याचा पुतण्या संदीप भाजीचा टेम्पो घेऊन आला. पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला, त्यावर म्हणे 'अत्यावश्यक सेवा' लिहिलं होतं. दुधी आणि काकडीच्या पोत्यांवर गोधडी टाकून रविनाला झोपवलं. जयश्री आणि पुतळी बाजूला. शुक्रा मागं उभा. लडक्या पुढं बसला आणि त्याच्या मांडीवर मी. मला घरी सोडायचं कोणाला सुचलंच नाही.

नाक्यावर पोलिसानं हात केला.

"काय आहे?"

"भाजी," संदीप म्हणाला.

"आणि मागं?"

"पेशंट."

"पेशंटला भाजीच्या गाडीतून नेतात का?"

"मग तुमच्या गाडीत घ्या, साहेब," लडक्या म्हणाला.

पोलिसानं मागं जाऊन बघितलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "जा लवकर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ही कशाला?" लडक्या म्हणाला, "हिचं नंतर बघू." मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही.

दवाखान्यापाशी तोच वॉचमन, तीच रांग. जयश्रीनं रविनाला एका बाजूनं धरलं होतं, पुतळीनं दुसऱ्या. पुतळी जयश्रीच्या कानात म्हणाली, "ताप आहे म्हणून सांगू. सोडतील."

"तसं सांगितलं तर तिला तापाच्या रांगेत बसवतील. स्वॅब, मग रिपोर्ट. तेवढा वेळ नाहीये," जयश्री म्हणाली.

वॉचमननं यंत्र लावलं. "ताप नाही. काय होतंय?"

पुतळीनं पुन्हा मागच्या रांगेकडे बघितलं. जयश्री बोलणार, तेवढ्यात रविनाच बोलली. उभं राहता येत नव्हतं तिला, पण आवाज कुठून काढला देव जाणे.

"मला पाळी आलीय. एकवीस दिवस झाले, थांबत नाय. कापडं संपली, आता मी पण संपणार. हे पोटाचं नाय आणि तापाचं पण नाय. आत सोडता की इथंच बसू?"

रांगेतले बाप्ये मोबाइलमध्ये बघायला लागले. एकानं आभाळाकडे बघितलं, जसं काही आभाळात विमान चाललंय. त्या वर्षी विमानं नव्हती. फक्त एक म्हातारा रांगेतून बाजूला झाला आणि म्हणाला, "जा बाय, आधी तू जा."

आतून पांढऱ्या पोशाखातली कोणीतरी आली. फक्त डोळे दिसत होते. पुढं कळलं, त्या निलम सिस्टर.

"कोण बोललं ते?"

"मी."

"शाब्बास. चालू नको. ए, खुर्ची आण चाकाची!" हे वॉचमनला. तो असा पळाला की मला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं.

पुतळी मागोमाग निघाली तशी सिस्टरनं हात आडवा धरला. "आधी मी तिच्याशी एकटीशी बोलते. मग तुम्ही या."

"मी आई हाय तिची."

"म्हणूनच."

आत काय बोलणं झालं, काय तपासण्या झाल्या, मला माहीत नाही. मी आणि लडक्या बाहेर झाडाखाली होतो. तो बिस्किट खात होता आणि चुरा मला टाकत होता. पाड्यावरची एकूणएक भानगड मला ठाऊक असते, पण त्या दाराआडचं काही मला कळलं नाही. ते बरंच झालं.

रक्त साडेचार भरलं, बारा पाहिजे तिथं. दोन बाटल्या मागवाव्या लागल्या, त्या दुसऱ्या दवाखान्यातून येईपर्यंत ऊन उतरलं. तोवर शुक्रा व्हरांड्याच्या पायरीवर बसून होता. पहिली बाटली लागल्यावर त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. कोणी बघत नाही असं त्याला वाटलं. मी बघत होते.

चौथ्या दिवशी टेम्पो पुन्हा न्यायला गेला, लडक्याच्या मांडीवर मी होतेच; तेव्हा सिस्टरनं पुतळीला समजावून सांगितलं. या वयात पाळी पुढंमागं होते. काही महिने येत नाही, मग सगळं साठलेलं एकदम येतं. अंगात लोह नसेल तर पोरगी खचते. थांबवायला औषध आहे, लाज सोडून वेळेवर यावं लागतं, बस.

पुतळी घुटमळली. "सिस्टर, ते बाकीचं? लोक म्हणतात ते..."

"जे होतं ते मी तिला सांगितलंय. तिला वाटलं तर ती सांगेल."

टेम्पोत बसल्यावर रविनानं आईला विचारलं, "आये, तुला काय वाटतं?"

पुतळीनं तिच्या खांद्यावर गोधडी ओढली. "मला वाटतं, मी लोकांचं ऐकायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

रविना तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपली.

अंगणात बुधीबाई उभीच होती. "काय निघालं गं दवाखान्यात?"

"रक्त कमी निघालं," रविना म्हणाली. "तुमची नखं पण पांढरी दिसतात. तपासून घ्या." पुढच्या महिन्यात जयश्रीनं खरंच तपासलं. बुधीबाईचं आठ निघालं. तेव्हापासून ती गोळ्या खाते आणि स्वतःच्याच रक्ताची बातमी पाड्यावर सांगत फिरते.

माझं काय झालं, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. निलम सिस्टर बाई चांगली, पण आम्ही निघताना म्हणाली होती, "हिला अंडी द्या, पालेभाजी द्या, चिकन द्या." म्हणजे देवाच्या तावडीतून सुटून मी डॉक्टरांच्या तावडीत! पुतळीनं पातेलं घासूनही ठेवलं होतं. रविना म्हणाली, "आये, चिकन एकदाच होईल. अंडी वर्षभर." तेवढ्यावर माझा जीव वाचला. त्यानंतर मी अंड्यात एका दिवसाचीही कुचराई केली नाही.

लडक्याला पुतळीनं नवसाचं विचारलं. तो म्हणाला, "देव म्हणाला, पोरीचं रक्त भरू दे आधी." पुढच्या वर्षी विचारलं, तेव्हाही देव तेच म्हणाला. देव विसरला की लडक्या, ते मी कधी खोदून विचारलं नाही.

जयश्री मात्र पेटली. वरून गोळ्या येईनात तेव्हा ती निलम सिस्टरच्या मागं लागली, तिच्याकडून डबे आणले आणि आमच्या अंगणात सोमवारी पोरी गोळा करायला लागली. कोणीतरी तक्रार केली, साथीत गर्दी करतात म्हणून. शुक्रा बाहेर येऊन म्हणाला, "अंगण माझं हाय. बसू दे पोरींना." आणि त्याच आठवड्यात त्यानं दोन बांबू रोवून उन्हात एक दोरी बांधली. कशासाठी ते तो बोलला नाही. रविनानं त्यावर कापडं वाळत घातली. माझं खुराडं मोकळं झालं.

रविना एक वर्ष उशिरा दहावी पास झाली. आता ती तलासरीला औषधांच्या दुकानात कामाला आहे. पोरगी पॅड मागायला आली की मालक म्हणतो, पेपरात गुंडाळ, काळ्या पिशवीत घाल. रविना म्हणते, "औषधच हाय, दारू नाय." आणि तसंच हातात देते. मालक दुसरीकडे बघतो. तिला अजून कधीकधी चक्कर येते. सगळंच काही बरं झालं नाही.

मी आता म्हातारी झाले. एका डोळ्यानं कमी दिसतं, अंडी बंद झाली, तरी मला कोणी काही म्हणत नाही. म्हणून हक्कानं एक मागणं मागते. पुन्हा कधी साथ आली, तर बाजार बंद करा, शाळा बंद करा, हवं तर आम्हा कोंबड्यांना आधी बंद करा. पण पोरींची ती एक खोली उघडी ठेवा. तुमचे खोके ठेवायला दुसरी जागा शोधा.

परवा सोमवारी चिमी आली होती. रविनाच्या वर्गातली. शाळा बंद झाली त्याच वर्षी मे महिन्यात तिचं लग्न लावून दिलं होतं. ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. आता तिला चार वर्षांची मुलगी आहे आणि दोनदा दिवस राहून पोट खाली झालंय. जयश्रीशी बोलायला आली होती. अंगणात बसली, पदराशी खेळत राहिली. तोंड उघडलं की मुलगी मध्येच येऊन पाठीवर चढायची, आणि चिमी गप्प व्हायची.

मी उठले. गुडघे दुखतात हल्ली. त्या पोरीच्या अगदी पायापाशी गेले आणि मुद्दाम पंख फडफडवले. ती खिदळत माझ्यामागं धावली. मी तिला अंगणभर पळवली, कुंपणापर्यंत, बांधापर्यंत. दोनदा तिच्या हाती लागले, तिनं शेपटीची तीन पिसं उपटली. उपटू दिली. मागं वळून बघितलं, तर चिमी बोलत होती. जयश्री ऐकत होती. मी आणखी एक फेरी मारली.